नाही म्हणण्याची रीत

ताकीसने मला काही विचारलंच नाही. मी दुकानात शिरायच्या आतच त्याने मोठा कप भरायला घेतला होता. वर थोडं थंड दूध, दोन चमचे साखर, आणि कप माझ्यापुढे सरकवत तो म्हणाला, "घ्या डॉक्टर, नेहमीची." बस्स, एवढंच. ब्रिस्बेनमधल्या कितीतरी दुकानांत रोज सकाळी हे होत असेल आणि लोकांना त्यात बरंच वाटत असेल. मी मात्र कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागचा माणूस खाकरला तेव्हा बाजूला झाले. नेहमीची. म्हणजे या शहरात माझं काही नेहमीचं आहे. मी ग्वेंडा पास्को, मर्रागुल गावची डॉक्टर, ग्रामीण डॉक्टरांच्या संघटनेची अध्यक्ष, जिचं प्रत्येक भाषण "आम्ही गावाकडची माणसं" इथून सुरू होतं, तिची कॉफी शहरातल्या एका ग्रीक माणसाला तोंडपाठ. आणि मागच्या आठवड्यात मर्रागुलच्या बेकरीत डेल्माने, जिची तिन्ही मुलं माझ्या हातांत जन्मली, मला विचारलं होतं, "तू दूध घेतेस का गं?" तेव्हा मी हसले होते. घेते की, म्हणाले होते. आता नदीकाठच्या रस्त्याने सभागृहाकडे चालताना ते हसू आठवून माझी मलाच लाज वाटली.

आज वार्षिक सभा होती. आज निवडणूक. मला ती खुर्ची पुन्हा हवी होती. एकदा स्पष्टच सांगून टाकते, कारण आमच्यात हे कुणी सांगत नाही. आमच्या संघटनेत खुर्ची मागणं म्हणजे चारचौघांत नाकात बोट घालण्यासारखं. जो मागतो त्याला कधीच मिळत नाही. आमचा पहिला अध्यक्ष निवडला गेला तेव्हा तो शौचालयात होता, आणि हे आजही आम्ही मोठ्या अभिमानाने नव्या सभासदांना सांगतो. दुसरा तर नाही नाही म्हणत गाडीत जाऊन बसला, त्याला चौघांनी ओढून आणलं, आणि मग त्याने हसतमुखाने बरीच वर्षं राज्य केलं. तेव्हापासून रीत पडली. नाव सुचवलं की आधी म्हणायचं, छे, मी कुठली. मग सगळे म्हणतात, अगं घे ना. मग म्हणायचं, एखादं तरुण माणूस बघा. मग आमचा सचिव मर्व्ह हॅलोरन उठून म्हणतो, दुसरं आहे कोण? मग एक लांब उसासा टाकायचा, छताकडे बघायचं आणि म्हणायचं, बरं, पण ही शेवटची खेप. टाळ्या. नको नको म्हणत ताटात वाढून घ्यायचं. मी हे दोनदा केलं होतं आणि चांगलं केलं होतं. आज सकाळी दात घासताना आरशासमोर उसाशाचा सरावही झाला होता, तोंडात फेस असताना.

का हवी होती खुर्ची? लोकांना वाटतं मान. मान असतोच, खोटं कशाला बोलू. मंत्रीण बाई उठून उभ्या राहतात, चहा बशीसकट येतो. आणि कामंही झाली. एका गावचा बंद पडलेला प्रसूती विभाग आम्ही भांडून पुन्हा सुरू करवला, तिथं जन्मलेल्या पहिल्या मुलीचा फोटो माझ्या पाकिटात आहे. पण खरं कारण वेगळंच होतं आणि ते मला पुलाखालून जाताना, कॉफी गार होताना कळत गेलं. मर्रागुलला माझ्या जागी तोबायस आहे. बदली डॉक्टर म्हणून आला तेव्हा तिशीतला, लाजरा, ढोरांना घाबरणारा. मी आधी आठवड्यातले दोन दिवस इथं असायचे, मग तीन, मग चार. तिकडे त्याचे दोनाचे तीन, तिनाचे चार दिवस होत गेले. आता तो क्रिकेटच्या संघात आहे. गेल्या खेपेला म्हातारा क्लॅरी दवाखान्यात डोकावला, मला पाहून टोपी काढली आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "तोबायस नाही का आज? मग मी सोमवारी येतो, काही घाई नाही." त्याच्या पायाची जखम मी वर्षानुवर्षं बांधत आलेय. घाई नाही म्हणे! म्हणजे खुर्ची गेली तर मी परत कुठं जायचं, हा खरा प्रश्न होता. गावात माझी जागा भरली होती, आणि चांगली भरली होती, हे तर आणखीच वाईट. वाईट भरली असती तर निदान दोन शिव्या देता आल्या असत्या.

आणि ते बोट. गावाकडे रिकाम्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. हात नाही हलवायचा, हात हलवणारा शहरातला. फक्त एक बोट, जेमतेम. बघितलं बरं का तुला, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी मी दीड दिवस गाडी हाकत शहरात यायचे, तेव्हा शहर जवळ आलं तरी बोट आपोआप उचललं जायचं आणि समोरचे लोक दचकायचे. आता विमानाने येते. मागच्या वेळी धावपट्टीवरून घरी नेताना गाडी लेन चालवत होता, माझा नवरा, जो दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतो. समोरून एक ट्रक गेला, लेनचं बोट उठलं. मी फोनमध्ये होते. तो म्हणाला, "क्लॅरी होता." मी म्हटलं, "कोण क्लॅरी?" लेनने रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. तो रस्त्यावरची नजर कधी काढत नाही, तिथं कांगारू आडवे येतात. दुसऱ्या क्षणी मला आठवलं होतं हो, क्लॅरी कोण ते. पण तोवर लेनचं पाहून झालं होतं. सभागृहाच्या दाराशी मी हातातला कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. अर्धी कॉफी तशीच होती.

सभागृहात नेहमीसारखीच जत्रा. आमची माणसं वर्षातून एकदा भेटतात आणि वर्षभराचं बोलून घेतात. एका कोपऱ्यात कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावरचा तीळ तपासत होतं. चहाच्या टेबलावर नारळाच्या किसात घोळलेले केकचे तुकडे होते, मंडळी तुटून पडली होती. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर चौकोनांत ज्यांना गाव सोडता आलं नाही ते डॉक्टर. सगळ्यांनीच गाव सोडलं तर आजारी पडलेल्यांनी जायचं कुठं? म्हणून आमची अर्धी संघटना नेहमी पडद्यावर असते. एकजण हिरव्या कपड्यांतच होता, बाळंतिणीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून. मी टेबलावरची गाईच्या गळ्यातली घंटा उचलून वाजवली. ही घंटा आमच्या पहिल्या अध्यक्षाच्या गाईची. गाय आणि अध्यक्ष दोघंही गेले, घंटा राहिली. तिचा लोखंडी थंडपणा हाताला इतका ओळखीचा होता की मला एकदम बरं वाटलं. हे तरी माझं नेहमीचं आहे, असं वाटलं, आणि लगेच ताकीसचा आवाज आठवला. छे.

अहवाल झाले, हिशेब झाले, कुणीतरी दरवर्षीसारखी रात्रपाळीच्या भत्त्याची तक्रार केली, कुणीतरी दरवर्षीसारखा त्याला दुजोरा दिला. मग मर्व्ह उठला. मर्व्हने संघटनेची घटना लिहिली आहे आणि ती त्याला सकाळच्या प्रार्थनेसारखी पाठ आहे. "अध्यक्षपद," तो म्हणाला. "घटनेप्रमाणे गावात राहणारा आणि गावात दवाखाना करणारा सभासद. मी ग्वेंडाचं नाव सुचवतो. चला, कुणी पाठिंबा द्या म्हणजे जेवायला मोकळे होऊ." हशा. दहाबारा हात वर. माझी पाळी आली.

मी उभी राहिले. छे, मी कुठली, एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर ते तयार होतं, उसासा छातीत भरून ठेवला होता. पण तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. मी म्हणाले, "आज सकाळी एका कॉफीवाल्याने मला न विचारता माझी कॉफी दिली." लोक हसायच्या तयारीत. मी पुढे बोलतच गेले. डेल्मा सांगितली. क्लॅरी सांगितला, ट्रकसकट. गावात राहणारा आणि गावात दवाखाना करणारा असं मर्व्ह वाचतो तेव्हा मी हल्ली टेबलाकडे बघते, हेही सांगितलं. "मला नको ही खुर्ची," मी म्हणाले, "मी थकलेय असं नाही. मी गावची उरले नाही, असं मला वाटायला लागलंय. दुसरं कुणीतरी बघा." आणि बसले. आता अगं घे ना येईल, मी वाट बघू लागले. माझा आवाज शेवटी थोडा कापला होता. नकार फारच छान जमला, असंही मनात आलं, हे कबूल करते. माणसाचं मन म्हणजे एक नंबरचं नाटकी, रडतानाही आरशात बघतं.

अगं घे ना आलंच नाही. सगळे मर्व्हकडे बघत होते आणि मर्व्ह चष्मा पुसत होता. शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं. न्केची ओबिओरा. नायजेरियात शिकलेली, कुलबारा नावाच्या गावात तीनेक वर्षं एकटीने दवाखाना चालवणारी. कुलबारा नकाशावर शोधायला जावं तर माशी बसली की झाकलं जातं. सगळ्या सभागृहात मला अहो-जाहो करणारी ती एकटीच.

"मला एवढंच म्हणायचंय," ती म्हणाली, "की डॉक्टर पास्कोंनी फार मोठ्या मनाने सांगितलं. आपण त्यांना जाऊ द्यायला हवं."

मर्व्हने चष्मा घातला. "नाही नाही, बस खाली पोरी. तिला तसं नाही म्हणायचंय."

"म्हणजे कसं म्हणायचंय?"

"म्हणजे... ती नाही म्हणते."

"हो. तेच. त्या नाही म्हणाल्यात."

"तेच तर! म्हणजे तिचं..." मर्व्ह माझ्याकडे वळला. मी त्याच्याकडे पाहिलं. ऐंशी डॉक्टर मूग गिळून बसले होते. प्रत्येकाला माहीत होतं आणि एकालाही बोलता येत नव्हतं. काय सांगणार होते तिला? की आमच्यात नाही म्हणजे हो असतं? की बाईंना खुर्ची हवीय, म्हणूनच त्या नको म्हणताहेत? तसं म्हटलं की मी खुर्चीची हावरी ठरले, आणि मर्व्ह ते माझ्या तोंडावर कधीच म्हणणार नाही, तो सभ्य माणूस आहे. त्या सभ्यतेत मी पुरती अडकले. माझं मलाच उठून सांगता आलं असतं. मंडळी, ते नाही खरं नव्हतं. पण खरं होतं ना. पंचाईत तीच होती. पोटात एक आणि ओठात एक ठेवायचं म्हणून मी उभी राहिले आणि पोटातलंच ओठांत आलं. मग पोटात काय उरलं होतं? मला हसू यायला लागलं. मी रुमाल तोंडाला लावला आणि लोकांना वाटलं मी रडतेय, दोन बायकांनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पडद्यावरच्या एका चौकोनातून कुणीतरी म्हणालं, "मग केचीच का नको?" सगळे तिला केचीच म्हणतात, तो न आमच्या जिभेला जड जातो.

आता ती छे म्हणणार, सगळ्यांनीच मान तिरकी केली. केचीने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "हो. मला आवडेल. मला जमेलसं वाटतं."

संघटनेच्या इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. समोरच्या रांगेतल्या हेडलीच्या हातातला केक तसाच राहिला. "आवडेल म्हणते," तो शेजाऱ्याला कुजबुजला, "सरळ आवडेल म्हणते!" आणि मला, देवाशपथ, तिचा राग नाही आला, हेवा वाटला. इतकं सोपं होतं? इतकी वर्षं आम्ही सगळे गाडीत जाऊन बसत होतो!

मर्व्हने शेवटचा प्रयत्न केला. ठराव मांडला की ग्वेंडाला पुन्हा एकदा, नीट, विचारावं. ज्यांना हे मान्य त्यांनी हात वर, ज्यांना केची हवी त्यांनी नंतर. मोजणी सुरू झाली. जुने जाणते माझ्या बाजूने, तरुण तिच्या, पडदा अर्धा अर्धा. मोजणी चालू असतानाच हिरव्या कपड्यांतला गडी उभा राहिला, "माफ करा हं, डोकं दिसायला लागलंय," म्हणाला आणि त्याचा चौकोन रिकामा झाला. नुसती खुर्ची आणि मागे एक बाई जोरात ओरडत असलेली. मर्व्हने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. समसमान.

"निर्णायक मत अध्यक्षांचं," मर्व्ह म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"पण हे तिच्या स्वतःबद्दलच आहे की!" हेडली म्हणाला. "हितसंबंध आला ना इथं."

"हितसंबंध कसला?" मर्व्ह गरजला. "खुर्चीत हिचा काही रस आहे असं हिने म्हटलंय का? उलट नको म्हणालीय. मग हितसंबंध आला कुठून?" मर्व्ह वकील व्हायचा, चुकून डॉक्टर झाला.

सगळे माझ्याकडे. माझे दोन्ही हात घंटेवर होते, स्टिअरिंग धरावं तसे. मला फक्त गप्प बसायचं होतं, मर्व्हच्या ठरावाला मान हलवायची होती, मग ते पुन्हा विचारणार, मी पुन्हा उसासा टाकणार, आणि ताकीस उद्या पुन्हा कप पुढे करणार. मी समोर बघितलं. मागच्या रांगेत केची अजून उभीच होती, लांबलचक रिकाम्या रस्त्यावर दूरवरून एखादी गाडी आपल्या दिशेने येताना दिसावी तशी. मी काही ठरवलं असं नाही. माझं उजव्या हाताचं एक बोट घंटेवरून उठलं. जेमतेम. तिच्याकडे.

आधी कुणाला कळलं नाही. मग पडद्यावर कुठल्यातरी चौकोनात एक बोट उठलं, मग दुसऱ्या, मग खाली रांगांतून इकडे तिकडे बोटं उठायला लागली, आणि हेडलीने केकसकट उचललं. मर्व्हने वहीत केचीचं नाव लिहिलं आणि म्हणाला, "बरं." केची पुढे आली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "मी नवीन होते ना कुलबाराला," ती माझ्या कानाशी म्हणाली, "तेव्हा समोरचा प्रत्येकजण मला बोट दाखवायचा. मला वाटायचं माझ्या गाडीचं काहीतरी बिघडलंय. मी दर वेळी थांबून चाकं तपासायची." मी इतक्या मोठ्याने हसले की घंटा आपोआप वाजली. मग ती तिच्या हातात दिली आणि बाजूच्या खुर्चीत बसले. खुर्ची बदलली की सभागृह वेगळं दिसतं. वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही. एखादा दात पडल्यावर जीभ तिथं पुन्हा पुन्हा जाते, तशी माझी नजर घंटेकडे जात राहिली.

"पुढचा विषय," मर्व्हने वाचलं, "अध्यक्ष कामाला शहरात येतील तेव्हा त्यांच्या गावी बदली डॉक्टर. सभासदांमधून." आणि सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. कुलबारा! तिथं उन्हाळ्यात डांबर वितळतं आणि सगळ्यात जवळचा दुसरा डॉक्टर अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर. माझ्या मनात मात्र काय आलं, तर मर्रागुलला तोबायस आहे, आणि तो चांगला आहे, आणि ही चांगली बातमी आहे. सकाळपासून पहिल्यांदाच ती मला चांगली बातमी वाटली. गाडीने जाता येईल. लेनला घेऊन जाता येईल. वाटेत सबंध रस्ताभर बोट उचलता येईल, बोट दुखेपर्यंत. आणि तिथं मला कुणीच ओळखत नाही. सगळं विचारून घ्यावं लागेल त्यांना.

"मी जाते," मी म्हणाले.

"हे बघ ग्वेंडा," मर्व्ह लगेच सुरू झाला, "नाही म्हणू नकोस—"

"अगं, महिन्यातून चारच दिवस," हेडली म्हणाला.

"घे ना गं," पडद्यावरून कुणीतरी, "दुसरं आहे कोण?"

"अरे, मी जाते म्हणाले!"

"तुझ्याइतकं जमणारं दुसरं कुणी नाही, उगीच नको नको करू नकोस—"

घंटा वाजली. जरा जास्तच जोरात, केचीचा हात अजून बसायचा होता. "त्या हो म्हणाल्यात," केची म्हणाली. "लिहून घ्या." मर्व्हने लिहून घेतलं. ती माझ्याकडे वाकली आणि आवाज खाली करून म्हणाली, "कुलबाराला फक्त पेट्रोल पंपावर कॉफी मिळते. पंपावर एडना असते, तिला मी आजच सांगून ठेवते. तुम्ही कशी घेता?"

मी खुर्चीत नीट सावरून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.